डाव्या पंखाच्या गाठी

एनिड कटफोर्थ या बाईंना विमानांचे काडीचेही प्रेम नव्हते, हे मी सुरुवातीलाच नमूद करते. इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये आमच्या भागात ज्याला त्याला दुसऱ्या महायुद्धातील विमानांची नावे तोंडपाठ असतात. आकाशात जुन्या इंजिनाचा आवाज आला की माणसे हातातले काम टाकून अंगणात येतात आणि माना वर करून उभी राहतात. एनिडबाई अशा वेळी खिडकी लावून घेत. त्या जन्मात कधी विमानात बसल्या नव्हत्या. जर्सी बेटावर राहणाऱ्या बहिणीकडेसुद्धा त्या बोटीनेच जात, आणि जाताना व येताना उलट्या करीत.

अशी बाई एका लष्करी विमानाच्या पंखापाशी आयुष्याची शेवटची वर्षे बसली, त्याचे कारण गाद्या हे होते. लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत त्या लाउथमधील एका गाद्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. गादीच्या एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि हातभर लांबीचे दाभण आरपार जायचे व परत यायचे, असे ते काम. गाठ सैल राहिली तर वर्षभरात गादीला पोट सुटते. एनिडबाईंच्या गादीला पोट सुटल्याचे कधी कोणी ऐकले नाही.

त्यांचे यजमान पर्सी साखरेच्या बीटाच्या गाड्या चालवीत असत. ते गेल्यानंतर बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या. मग गावच्या दुकानाच्या काचेवर एक चिठ्ठी लागली: "लांब सुईने शिवता येणारी व्यक्ती हवी. चहा मिळेल." ती चिठ्ठी आमच्या हँगरमधून लावली गेली होती.

गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीजवळ बीट साठवण्याचे एक पत्र्याचे कोठार होते. त्यालाच आम्ही हँगर, म्हणजे विमान ठेवायचे घर, म्हणत असू. त्यात एक टायगर मॉथ विमान, म्हणजे खरे तर त्याची हाडे, ठेवलेली होती. युद्धकाळात याच जातीच्या विमानांवर पोरांना उडायला शिकवीत. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले तागाचे कापड, एकावर एक दोन पंख, आणि उघड्यावर बसायच्या दोन जागा. ते पुन्हा उडवायचे असे ठरवून निवृत्त माणसे दर गुरुवारी आणि शनिवारी तेथे जमत. पगार कोणालाच नव्हता. मी तेथे चहा करीत असे. माझे यजमान इस्पितळातील नोकरीसाठी या भागात आले, तेव्हापासून आम्ही येथलेच झालो होतो. ते गेल्यावर मलाही घर खायला उठत होते.

पहिल्याच दिवशी एनिडबाईंनी मला किटलीपासून उठवले.

"वेणू, ती किटली ठेव आणि इकडे ये. पलीकडच्या बाजूला मला माणूस लागतं."

"अगं, पण मला विमानातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? गादी समज. फक्त हिच्यावर कोणी झोपत नाही."

पंख शिवण्याची रीत अशी होती. पंख आडव्या कडेवर उभा करायचा. या अंगाला कापड, त्या अंगाला कापड, मध्ये लाकडी बरगड्या. एक जण या बाजूला बसतो आणि दुसरा त्या बाजूला. मेण लावलेला दोरा दाभणाने बरगडीला वेढून कापडातून आरपार काढायचा आणि प्रत्येक वेढ्याला गाठ मारायची. गाठी एनिडबाईंच्या बाजूला असत. मी फक्त दाभण परत पाठवीत असे. दोघींच्या मध्ये कापड असल्याने एकमेकींची तोंडे दिसत नसत. त्या कापडातून आम्ही जितके बोललो, तितके मी माझ्या सख्ख्या जावांशीही बोललेली नाही.

शिवून झाले की गाठींवर कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि वरून डोप नावाचे रोगण चढवायचे. त्याने कापड वाळताना नगाऱ्यासारखे ताणून बसते. एकदा ते चढले की गाठी दिसत नाहीत. म्हणून पट्टी लावण्याआधी दुसऱ्या माणसाने प्रत्येक गाठ लहानशा आकड्याने ओढून पाहायची, असा कडक नियम होता. ज्याने काम केले त्याने ते तपासायचे नाही.

तपासणीचे काम लेस्ली स्क्रिमशॉ यांच्याकडे होते. उंच, वाकलेले, वायुसेनेत तपासनीस म्हणूनच आयुष्य घालवलेले गृहस्थ. आमचे प्रमुख गॉर्डन ब्लँचर्ड यांनी बसवलेली एक खीळ त्यांनी तीनदा काढायला लावली होती.

"लेस्ली, तू मेल्यावर स्वर्गाच्या दाराचे बिजागर तपासशील आधी," गॉर्डन वैतागून म्हणाले होते.

"सैल असलं तर आत नाही जाणार," लेस्ली म्हणाले.

मात्र डाव्या खालच्या पंखाच्या वेळी काय झाले, ते मी पलीकडच्या बाजूला असल्यामुळे मला दिसले नाही. एनिडबाईंना दिसले. ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितले.

तो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा दिवस होता. विमान पूर्ण झाले होते. इंजिन चालवून पाहिले होते, परवाना हाती होता, आणि येत्या शनिवारी पहिले उड्डाण ठरले होते. मी एनिडबाईंच्या स्वयंपाकघरात बसले होते. शनिवारसाठी त्या मनुकांचा पाव भाजत होत्या. त्यांनी भट्टीचे दार उघडले आणि तापलेला पत्रा उघड्या हाताने उचलून ओट्यावर ठेवला. अगदी शांतपणे, ताटली उचलावी तसा.

"एनिड! हात!"

त्यांनी हाताकडे पाहिले. बोटांच्या टोकांवर फोड उठू लागले होते. त्या त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाचा हात असावा तशा पाहत राहिल्या. मी त्यांना ओढून नळाखाली नेले.

"कळलं नाही तुला?"

"नाही कळत मला, वेणू."

"कधीपासून?"

"थंडीपासून. डॉक्टर म्हणतो साखरेमुळे. बोटांची टोकं मेली आहेत. टाचणी टोचली तरी पत्ता नाही."

नळ वाहत होता. माझ्या मनात आधी केवळ दयाच आली. मग एकदम दुसरा विचार आला, आणि तो त्यांनी माझ्या तोंडावर वाचला असावा.

"हो," त्या म्हणाल्या. "डावा पंख आपण मार्चमध्ये शिवला."

"पण तू शिवलास ना नेहमीसारखाच?"

"हात फिरले नेहमीसारखे. हातांना सवय आहे. पण गाठ बसली की नाही ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही. दोरा करकरतो आणि मग थांबतो. ते थांबणं मला कळत नव्हतं. मी आपली ओढत होते आणि पुढे जात होते."

"लेस्लींनी तपासलं ना पण? आकड्याने?"

फडके घेऊन त्यांनी ओटा पुसला. तो पुसलेलाच होता.

"त्यानं तळहात फिरवला," त्या अखेर म्हणाल्या. "आकडा खिशात होता. म्हणाला, एनिडची शिवण तपासायची म्हणजे उद्या उजाडेल का ते तपासायचं. मी हसले. मला बरं वाटलं गं."

मी खुर्चीत बसले. शनिवारी त्या पंखावर रोवेना ब्लाइद ही मुलगी वर जाणार होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे आणि जुनी विमाने चालविण्यात तरबेज होती. सैल गाठींवरचे कापड वाऱ्याने उचलले, तर पंख पंख राहत नाही. एवढे तर आता मलाही कळत होते.

"सांगायला हवं, एनिड."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग लेस्लीचं काय होईल ते तू सांग. आयुष्यभर त्यानं एकच गोष्ट केली, सही करण्याआधी बघितलं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणू की त्यानं बघितलं नाही?" त्या थांबल्या. "आणि माझी खुर्ची जाईल. शिवता न येणाऱ्या बाईला तिथे कोण बसवेल? चहाला तू आहेसच."

शेवटचे वाक्य त्या विनोदाने म्हणाल्या, पण त्यांच्या डोळ्यांत विनोद नव्हता.

गुरुवारी आम्ही दोघी हँगरमध्ये गेलो. एनिडबाईंनी भाजलेल्या हातावर सुती मोजा चढवला होता. विमान बाहेर हिरवळीवर उभे होते. पिवळा रंग, कापड इतके ताणलेले की त्यावर ऊन घसरत होते. रोवेना जमिनीवरच ते इकडून तिकडे चालवून पाहत होती. चाके डगडगत, शेपटी हलत, पण ते उडाले नाही. तिने इंजिन बंद केले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"शनिवारी हवा छान आहे म्हणे," ती म्हणाली. "एनिड, तू येणार ना? नाहीतर लावशील खिडकी!"

"तुला भीती नाही वाटत, पोरी?"

"वाटते की. इंजिनाची वाटते, वाऱ्याची वाटते. पण मी या बाजूला बघते ना," तिने डाव्या पंखावर टिचकी मारली, "तेव्हा म्हणते, चला, निदान हे एनिडनं केलंय."

ती टिचकी टणकन वाजली. एनिडबाईंनी माझा दंड धरला. त्यांच्या मुठीत किती जोर आहे ते त्यांना कळत नव्हते, मला कळत होते.

चहाच्या वेळी सर्व जण पत्र्याच्या सावलीत बसले. गॉर्डन शनिवारचा बेत सांगत होते. कोण कुठे उभे राहील, अग्निशामक गाडी कुठे थांबेल. एनिडबाई उभ्या राहिल्या. कप त्यांनी खाली ठेवला नव्हता.

"शनिवारी उडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का गं? पाऊस सांगितलाय?" गॉर्डन हसले.

"डावा पंख उघडायला हवा. माझी बोटं बधिर आहेत. थंडीपासून आहेत. गाठी बसल्या की नाहीत, मला माहीत नाही."

मग गॉर्डन समजावणीच्या सुरात म्हणाले, "एनिड, पंख तपासलेला आहे. लेस्लीनं तपासलाय. म्हणून तर दुसरा माणूस असतो."

सर्वांनी लेस्लींकडे पाहिले. ते हातातल्या पावाकडे पाहत होते.

"तपासलाय," ते म्हणाले.

"लेस्ली," एनिडबाई म्हणाल्या.

"तपासलाय म्हणालो ना!"

"तू हात फिरवलास. मी तिथेच होते."

"मला खोटं पाडतेस? पंचेचाळीस वर्षं मी ..."

"मी तुला खोटं पाडत नाही रे. तू माझं खरं मानलंस, एवढंच म्हणते."

लेस्ली उठले आणि बाहेर गेले. गवताच्या कडेला, कुंपणापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. गॉर्डन टोपी काढून डोके खाजवीत होते. कोणीतरी पुटपुटले की वर्षाचा हंगाम जाईल, पंख पुन्हा बांधायचा म्हणजे ताग, डोप, सगळे नव्याने, आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईला घबराट सुटली म्हणून एवढे करायचे का. एनिडबाईंनी ते ऐकले. त्या खाली बसल्या नाहीत.

रोवेना उठली नव्हती. ती एनिडबाईंकडे पाहत होती, आणि तिची नजर काय म्हणते ते मला सांगता येत नाही.

थोड्या वेळाने लेस्ली परत आले. ते कोणाशीही बोलले नाहीत. अवजारांच्या फळीवरून त्यांनी चाकू घेतला, खिशातून आकडा काढला, आणि डाव्या पंखापाशी गुडघे टेकले.

"गॉर्डन, परवानगी दे," ते खालूनच म्हणाले.

"लेस्ली, एकदा कापलंस की ..."

"परवानगी दे म्हणतो."

गॉर्डननी मान हलवली. चाकू पट्टीवरून सरकला. तो आवाज कापड फाटल्याचा नव्हता, वाळलेली साल सोलल्यासारखा होता. पहिल्या बरगडीच्या गाठी उघड्या पडल्या. लेस्लींनी आकडा अडकवून ओढले. गाठ हलली नाही. दुसरी हलली नाही. मी श्वास सोडला, आणि कोणीतरी मागे म्हणाले, "बघा!"

"थांब," एनिडबाई म्हणाल्या. "टोकाकडं जा. टोकाकडं मी दमले होते."

लेस्ली टोकाकडे सरकले. पट्टी कापली. आकडा अडकवला आणि ओढला, आणि दोरा आकड्याबरोबर वर आला. अळी मातीतून यावी तसा, सहज. त्यांनी पुढची ओढली. तीही आली. रोवेनाने वाकून त्या सैल वेढ्यात आपली करंगळी घातली. बोट आत गेले आणि मागेपुढे फिरले. तिने ते काढून घेतले आणि खिशात हात घालून उभी राहिली.

कोणीही कोणाला दोष दिला नाही. तसे झाले असते तर कदाचित बरे झाले असते. गॉर्डननी अग्निशामक दलाला दूरध्वनी केला की शनिवारी येऊ नका.

तो उन्हाळा कठीण गेला. पंख काढून पुन्हा कडेवर उभा केला, जुने कापड सोलून काढले. सुई माझ्या हातात आली. एनिडबाईंची खुर्ची कोणी काढली नाही. त्या माझ्या बाजूला बसत आणि कापडाच्या पलीकडून गॉर्डन दाभण परत पाठवीत. एनिडबाईंचे डोळे माझ्या बोटांवर असत.

"कर्र झालं का?"

"झालं."

"मग थांबलं का?"

"थांबलं वाटतं."

"वाटतं नको. परत ओढ."

लेस्ली प्रत्येक बरगडी झाली की येत. ते एनिडबाईंशी बोलत नव्हते. त्यांच्याकडे पाहतही नव्हते. आकडा घालून ते इतक्या जोराने ओढीत की पंख हादरे. माझी गाठ त्यांनी अनेकदा कापायला लावली. मी एकदा रडले, तेव्हा एनिडबाई मला म्हणाल्या, "रड, पण कापून रड." मला त्यांचा राग आला होता, हेही खरे.

त्या काळात त्या झिजत गेल्या. लेस्लींच्या अबोल्याने झिजल्या असे मला वाटते. दिवसभर त्या एकाच बाजूला बसत, आणि लेस्ली आले की कप उचलून ओठांना लावीत, रिकामा असला तरी.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा दिवस ठरला. या वेळी अग्निशामक गाडी सोडून बाहेरचे कोणी बोलावले नव्हते. हवा स्थिर होती, दूरच्या शेतात बीट काढणीची यंत्रे चालली होती. रोवेना चढली, पट्टे आवळले. गॉर्डननी इंजिनापुढचा पंखा हाताने फिरवला. इंजिन खोकले, धूर सोडला, मग चालू लागले.

"खिडकी नाही आता," मी एनिडबाईंना म्हणाले.

"गप्प बस," त्या म्हणाल्या.

विमान गवतावरून धावले आणि उचलले गेले. बाकीचे टाळ्या वाजवू लागले. एनिडबाई टाळ्या वाजवीत नव्हत्या. त्यांची नजर डाव्या पंखाला चिकटली होती, आणि विमान वळले की पंख दिसेनासा होई, तेव्हा त्या मान पुढे काढून पावले टाकीत, जणू त्या विमानाला वळसा घालून त्याची बाजू पाहू शकणार होत्या. माझ्याही मनात दुसरे काही नव्हते. त्या गाठी आता माझ्या होत्या. प्रत्येक गाठ मला आठवत होती, विशेषतः जिला मी "थांबलं वाटतं" म्हटले होते ती. ती मी परत ओढली होती का? लेस्लींनी ती ओढली होती का? विमान वर बारीक झाले आणि उन्हात मला काहीच दिसेना.

"कापड उचललं तर आपल्याला कळेल का इथून?" मी विचारले.

"नाही," मागून आवाज आला. लेस्ली होते. "तिला कळेल."

त्यांनी हे एनिडबाईंना सांगितले होते की मला, ते मला समजले नाही. पण ते आमच्याजवळ उभे राहिले.

विमान धावपट्टीच्या भोवती फिरले, दूर गेले, परत आले. उतरताना त्याचा डावा पंख जरा खाली गेला, आणि एनिडबाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मग चाके गवताला लागली, एक उडी, दुसरी उडी, आणि ते स्थिरावले. रोवेनाने इंजिन बंद केले. गॉर्डन धावत निघाले, आणि त्यांच्यामागे सर्व जण.

एनिडबाई धावल्या नाहीत, पण सर्वांच्या आधी पंखापाशी कशा पोहोचल्या कोण जाणे. लेस्लीही तेथे होते. ते गुडघ्यावर बसले, गाल जवळजवळ कापडाला टेकवून पंखाच्या वरून पाहू लागले, कुठे पट्टी फुगली आहे का, कुठे कापड उठले आहे का. मग आतल्या बरगडीपासून त्यांनी अंगठ्याने दाबीत जायला सुरुवात केली. एनिडबाई त्यांच्यामागून वाकून पाहत होत्या.

"ती परत," एनिडबाई म्हणाल्या.

लेस्लींनी परत दाबली.

"आणि तिच्या पलीकडची. तिथे चमक वेगळी आहे."

"चमक सगळीकडे वेगळी असते, बाई."

"असू दे. दाब."

लेस्लींनी दाबली. मग ते पुढे सरकले आणि त्याही सरकल्या. वर आपल्या जागेवर रोवेना अजून पट्टे बांधून बसली होती, वाऱ्याने लाल झालेल्या तोंडाने खाली पाहत.

"अगं, मी उतरू का आता?" तिने विचारले.

"थांब," दोघेही एकदमच म्हणाले, आणि टोकाकडच्या बरगड्यांकडे वळले.